मास्तरांची सैल पॅन्ट

"मास्तर, खाणं असंच चालू ठेवलंत, तर तुमच्या गिऱ्हाइकांना लवकरच दुसरा टेलर शोधावा लागेल," असं डॉक्टर अगदी हसत हसत म्हणाले आणि मास्तरांची पाचावर धारण बसली. घराचे तीन मजले चढताना ते दोनदा कठड्याला टेकून उभे राहिले आणि मनाशी म्हणाले, बस्स, आजपासून सगळं बंद.

सगळं म्हणजे काय, ते त्यांच्या बायकोने ठरवलं. ती पोस्टात टपाल वेगळं करायची. एखादी गोष्ट एकदा एका खणात टाकली की तिच्या लेखी विषय संपला. साखर, लोणी, मैदा, तळण त्याच संध्याकाळी घराबाहेर गेलं आणि उकडलेल्या भाज्या, कच्च्या काकड्या आणि वाटाण्याचं पातळ सूप घरात आलं. मास्तर त्या सूपकडे बराच वेळ नुसते बघत बसले.

"एकट्यानेच का खायचं तुम्ही हे?" बायको म्हणाली. "मीही खाते तुमच्याबरोबर. जोडीनं केलं की जमतं."

तिला खरं तर काही गरज नव्हती. होती थोडीफार जाड, पण चाळिशी उलटलेली बाई असते तेवढीच. नवऱ्याला सोबत म्हणून ती अर्धपोटी राहिली, हे इथेच लक्षात ठेवायला हवं. मास्तर ते विसरले, म्हणून तर ही गोष्ट.

कडा चढायची कल्पनाही तिचीच. गावाबाहेर एक बंद पडलेली दगडाची खाण होती. तिथे दर रविवारी सकाळी काही मंडळी दोर लावून चढायला शिकत. शिकवणारी पंचविशीची काटक मुलगी होती आणि लहानथोर सगळे तिला कोच म्हणत. पहिल्याच दिवशी तिने दोर हातात घेऊन समजावलं, "हा दोर वरच्या कडीतून जातो. एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला, दुसरी बाजू खाली उभ्या राहिलेल्या जोडीदाराच्या पट्ट्यातून. वरच्याचा पाय सुटला, तर खालच्याने दोर आवळून त्याला पेलायचं. म्हणून मी दर वेळी वजन विचारणार. चढणारा फार जड असेल, तर खालच्याला या खुंट्याला बांधायचं, नाहीतर तोच वर ओढला जाईल. तेव्हा वजन खरं सांगा. दोराला लाज कळत नाही."

मास्तरांनी खरं सांगितलं. सत्त्याण्णव किलो. त्यांच्या बायकोला खुंट्याला बांधलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "वहिनींना कशाला बांधता? मास्तरांना बांधा, बेकरीत पळून जातील!" सगळे खो खो हसले. मास्तरही हसले, पण तो घाव त्यांच्या जिव्हारी लागला होता.

बेकरी म्हणाल, तर ती त्यांच्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावूनच होती. दुपारी भट्टी उघडली की लोण्याचा वास थेट शिलाई मशीनपर्यंत यायचा आणि मास्तरांच्या पोटात कावळे कोकलायला लागायचे. दोन आठवडे त्यांनी दम धरला. मग एक क्रीमचा बन खाल्ला. एकाने काय होतंय? दुसऱ्या दिवशी एकाला सोबत म्हणून आणखी एक. बेकरीवाला जुना मित्र. तो न विचारता बन पाठवायचा आणि न बोलता रिकामी बशी घेऊन जायचा. मास्तर बोटांची साखर पुसायचे, खळखळून चूळ भरायचे, घरी जाऊन सूप प्यायचे आणि वर "आज कसं अगदी हलकं वाटतंय" असंही म्हणायचे.

पण नुसतं हलकं वाटून भागत नाही, दिसायलाही लागतं. इथे मास्तरांचा धंदा त्यांच्या मदतीला आला. आपल्या नेहमीच्या करड्या पॅन्टीचा तागा दुकानात शिल्लक होता. त्यातून त्यांनी तश्शीच दुसरी पॅन्ट शिवली, फक्त कंबर दोन बोटं जास्त. पट्टा काढून खांद्यावरून गॅलसचे पट्टे लावले. पॅन्ट पोटावर ढगळ लोंबायला लागली.

"अहो, पॅन्ट बघा किती सैल झालीय!" बायकोने टाळ्याच पिटल्या. शेजारणीला बोलावून दाखवलं. मास्तर लाजले, आणि लाजणं त्यांना शोभूनही दिसलं.

पुढच्या महिन्यात त्यांनी तिसरी शिवली, आणखी सैल. जुन्या दोन्ही दुकानात अस्तराच्या कापडाखाली गेल्या. जन्मभर लोकांच्या ढेऱ्या झाकून दिलेल्या माणसाला स्वतःची झाकणं म्हणजे हातचा मळ. घरात वजनकाटा नव्हता. औषधाच्या दुकानातल्या काट्यावर वजन करतो, असं ते सांगत आणि कोचला दर रविवारी थोडा थोडा कमी आकडा देत. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, ते त्यांना छान जमायला लागलं होतं.

बायको मात्र खरोखरच उतरत होती. टपाल वेगळं करून करून तिची बोटं चपळ झाली होतीच. ती बोटं खडकाच्या बारीक फटीत रुतायची आणि बायको सरसर वर जायची. खाली उभी राहिली की तिची नजर चढणाऱ्यावरून हलायची नाही. "नवीन लोकांना दोर धरायला वहिनी शिकवतील," कोचने सगळ्यांसमोर जाहीर केलं. "आणि पुढच्या मोसमात मोठ्या कड्यावर त्या माझ्याबरोबर येणार." त्या दिवशी घरी येताना ती रस्ताभर बोलत होती. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, पण तिला स्वतःबद्दल एवढं बोलताना मास्तरांनी कधी ऐकलं नव्हतं.

आणि मग तो रविवार आला.

"आज किती, मास्तर?" कोचने विचारलं.

"चौऱ्याऐंशी."

"शाब्बास! वहिनी चौसष्ट. वीसचा फरक चालतो. वहिनी, आज तुम्हाला बांधायला नको."

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. बायकोने खुंट्याची गाठ आपल्या हाताने सोडली आणि मास्तरांकडे बघून हसली. "सुटले बाई एकदाची, तुमच्यामुळे!" त्या क्षणी शब्द मास्तरांच्या जिभेवर आला होता. एवढंच म्हणायचं होतं, थांबा, आज बांधाच. पण टाळ्या चालू होत्या आणि बायकोचा चेहरा उजळला होता, आणि मास्तर मूग गिळून गप्प बसले. गेल्या तीन महिन्यांत त्यांनी आपणहून गिळलेले मूग तेवढेच.

निम्म्या कड्यावर त्यांना धाप लागली. पाय निसटला, मग हात. ते सुटले.

विहिरीच्या रहाटावर एक घागर खाली आली की दुसरी वर जाते, तशी त्यांची बायको त्यांना वाटेत भेटली. ती वर चालली होती आणि ते खाली. तिचे डोळे मोठे झाले होते. पुढे आलेल्या एका खडकावर तिचा डावा हात आणि खांदा आपटला. हाड मोडल्याचा आवाज खाली सगळ्यांना ऐकू आला. तरी तिच्या उजव्या मुठीतला दोर सुटला नाही. मास्तर जमिनीपासून हातभर अंतरावर अलगद लोंबकळत राहिले. त्यांना साधं खरचटलंही नव्हतं.

"वहिनी, दोर ढिला सोडला होतात का?" तिला खाली उतरवल्यावर कोचने विचारलं. कोचचा स्वतःचा चेहराही पांढराफटक पडला होता.

बायकोने आठवायचा प्रयत्न केला. "असेल," ती म्हणाली. "माझंच लक्ष चुकलं असेल."

मास्तर शेजारीच उभे होते. तिसरी पॅन्ट घालून.

हाताला प्लॅस्टर बसलं. मास्तर दुकान लवकर बंद करून घरी यायचे, तिची वेणी घालायचे, बटणं लावून द्यायचे, सूप स्वतः करायचे. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा. हे ऐकलं की मास्तरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटायचं. बन त्यांनी त्याच दिवशी सोडला होता. आता भट्टी उघडली की ते दुकानाचं दार लावून घ्यायचे. खाई त्याला खवखवे, आणि ही खवखव चूळ भरून जाणारी नव्हती.

सगळ्यात वाईट म्हणजे बायको त्यांची माफी मागायची. जेवताना मधेच चमचा खाली ठेवायची. "तुमचा जीव माझ्या हातात होता हो. तुम्हाला काही झालं असतं म्हणजे? मला माफ करा हं."

"असू दे गं," मास्तर म्हणायचे.

असू दे! म्हणजे वर क्षमाही केली.

एका संध्याकाळी कोच भेटायला आली. तिच्यासमोर कॉफीचा कप ठेवला न ठेवला तोच बायको म्हणाली, "मोठ्या कड्याच्या यादीतून माझं नाव काढा. आणि नव्या लोकांना शिकवणंही नको. मी खाली उभी राहिले तर कुणाचा तरी जीव जाईल."

कोच बराच वेळ कपाच्या कानाशी खेळत राहिली. तिने नको म्हणावं, अशी मास्तर मनातून प्रार्थना करत होते. "खरं सांगू का वहिनी," ती शेवटी म्हणाली, "आता माझंही मन धजत नाही. तुम्हाला मीच शिकवलं. माझं काय चुकलं, तेच कळत नाही." मग विषय बदलावा म्हणून तिने मास्तरांकडे पाहिलं. "मास्तर मात्र काय उतरलेत! पॅन्ट बघा की."

बायको हसली. किती दिवसांनी हसली, आणि तेही कौतुकाने.

कोचला पोचवायला मास्तर खाली उतरले. तिन्ही मजले त्यांनी तोंड उघडायचा प्रयत्न केला आणि फाटकाशी "सावकाश जा हं" एवढंच बोलले. ती गेली. मास्तर वर गेले नाहीत. स्वतःला शिव्या घालत दुकानात गेले, अस्तराखालून जुन्या दोन पॅन्टी काढल्या आणि परत आले. घरी येऊन अंगावरची तिसरीही उतरवली, लुंगी गुंडाळली आणि तिन्ही पॅन्टी बायकोपुढे पलंगावर एकावर एक पसरल्या. सगळ्यात खाली मोठी, तिच्यावर मधली, तिच्यावर पहिली. कंबरेपाशी पायऱ्या दिसत होत्या.

टेलरच्या बायकोला माप समजावून सांगावं लागत नाही. तिने चांगल्या हाताची बोटं त्या पायऱ्यांवरून फिरवली.

"वजन?" तिने विचारलं.

"त्या दिवशी नव्याण्णव होतं. शेजारी बन..." मास्तर पॅन्टीची शिवण चाचपत राहिले. "मी तुला सांगणार होतो गं."

"म्हणजे मी दोर ढिला सोडला नव्हता."

"नाही."

"मी नीट धरला होता."

"तू धरलास म्हणून मी उभा आहे."

तिने एका हाताने तिन्ही पॅन्टींच्या घड्या घातल्या, इतक्या सावकाश की मास्तरांना तिने आरडाओरडा केला असता तर बरं, असं वाटायला लागलं. मग तिचे डोळे भरून आले. "बन खाल्लेत त्याचं मला काही नाही हो. रागावले असते नि विसरले असते. पण मी रोज तुमची माफी मागत होते, आणि तुम्ही रोज ती घेत होतात."

 

"कोचला फोन लावा," तिने डोळे पुसले. "आत्ता. माझ्यासमोर."

मास्तरांनी लावला. आकड्यासकट सगळं सांगितलं.  मग कोच एवढंच म्हणाली, "वहिनींना द्या फोन." बायको ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू सैलावला. "हो," ती म्हणाली, "हात प्लॅस्टरमधून सुटला की मोठ्या कड्याला येते."

हात सुटला. मोसम आला. तोवर मास्तर सूप पिऊन, भाज्या खाऊन आणि रोज पहाटे खाणीपर्यंत चालून खरोखरच उतरले होते. पहिली करडी पॅन्ट पट्टा लावूनही घसरायची. त्या पॅन्टीची कंबर मात्र त्यांनी आत घेतली नव्हती. सैल कपड्यांचं कौतुक आता त्यांना सोसत नव्हतं, म्हणून वरून लांब सदरा घालायचे. बायको त्यांच्याशी बोलत होती, हसतही होती. एका ताटलीत दोघांसाठी फळं कापत होती. फक्त माफ केलं, असं तिने म्हटलं नव्हतं, आणि मागायची मास्तरांची हिंमत नव्हती.

मोठ्या कड्याच्या पायथ्याशी सकाळी मंडळी जमली. कोच नेहमीप्रमाणे जोडीजोडीने वजनं विचारत पुढे येत होती. मास्तर वजन करूनच आले होते. खरा आकडा जिभेवर तयार होता, आणि तो सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचा, असं त्यांनी वाटेतच ठरवलं होतं. बायकोने कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"वहिनी, तुमचा दोर कोण धरणार?"

मास्तर सवयीने एक पाऊल पुढे झाले. त्यांच्यासारख्या भक्कम माणसाने हलक्या बाईचा दोर धरायला कसलीच अडचण नव्हती.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. तिने आपल्या चपला आणि पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. "एवढं सांभाळा हं," ती म्हणाली आणि कोचकडे वळली. "तुम्हीच धरा."

ती चढायला लागली. मास्तर चपला छातीशी धरून वर बघत उभे राहिले. कोचने राहिलेल्या सगळ्यांची वजनं आपल्या मदतनिसाला विचारायला सांगितली, आणि तो एकेकाला विचारत मास्तरांपाशी आला. त्याने त्यांच्या हातातल्या चपलांकडे बघितलं आणि वजन न विचारताच तो पुढच्या माणसाकडे वळला.