कानांचे पैसे

मालकाचे आभार मानायला जायची बुद्धी मिस्त्रीला झाली नसती, तर पुढचं काही घडलंच नसतं. पण सरळ माणसांची हीच तर खोड. कुणी काही दिलं की चारचौघांत त्याचं नाव काढल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही.

मिस्त्री म्हणजे मागांच्या कारखान्यातला मिस्त्री. कापड विणणारे माग एका छपराखाली दिवसभर खडखडायचे, आणि त्यातला कुठला खरंच बिघडलाय, कुठला नुसताच रुसलाय, हे तो हात लावून सांगायचा. हात लावूनच, कारण कान कधीच गेले होते. जन्मभर त्या खडखडाटात उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? कानात घालायला बोळे मागितले की मालक म्हणायचा, पुढच्या महिन्यात बघू. तो पुढचा महिना काही उजाडला नाही.

शेवटी एकदा मागून "बाजूला व्हा!" अशी ओरड झाली, ती ह्याला ऐकूच आली नाही, आणि मालाची ढकलगाडी अंगावर येता येता राहिली. मालकानं दुसऱ्याच दिवशी घरी बसायला सांगितलं. निरोपाला सगळ्यांना जमवलं, खांद्यावर हात टाकला, आणि मिस्त्रीच्या कानाशी तोंड नेऊन सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असा ओरडला, "मिस्त्री, तुमच्या कानांचं मी बघतो. शब्द देतो." काय टाळ्या पडल्या!

पुढच्या महिन्यात बँकेत नेहमीसारखा पगार जमा झाला. त्याच्या पुढच्या महिन्यातही झाला.

"बघ, शब्द पाळला माणसानं," मिस्त्री बायकोला म्हणाला.

"अहो, पण बरोबर पगाराएवढेच कसे? एकदा विचारून तरी घ्या." ती ओरडूनच बोलायची. त्यांच्या घरातलं सगळं शेजाऱ्यांना पाठ होतं.

"देणाऱ्याला का दिलंस म्हणून विचारायचं? काहीतरीच तुझं!"

दोन्ही पगार घालून त्यानं कानाला लावायचं यंत्र घेतलं. नाहीच मानवलं तर महिन्याभरात परत आणा, थोडे पैसे कापून घेऊ, असं दुकानदार म्हणाला. मिस्त्रीला हसूच आलं. परत कोण आणतंय!

घरी आल्यावर पहिल्यांदा कळलं की मोरीतला नळ गळतोय. मग भांडी घासता घासता बायको पुटपुटली, "सगळं मेलं मीच करायचं."

"मी करतो की," तो मागून म्हणाला.

तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं. "अगं बाई! आता मनातल्या मनातसुद्धा जपून बोलायला हवं," ती म्हणाली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

पण खरी मजा संध्याकाळी आली. त्यांची एकुलती लेक कामासाठी लांब परदेशात. तिचा फोन आला की आई बोलायची आणि बापाला ओरडून सांगायची, "बरी आहे म्हणते!" कित्येक वर्षं बापाच्या वाट्याला लेक एवढीच यायची. त्या संध्याकाळी त्यानं फोन स्वतःच्या कानाला लावला.

"बाबा? ऐकू येतंय?"

"येतंय गं. आवाज केवढा बदललाय तुझा!" त्याच्या कानात राहिलेला आवाज शाळेत जाणाऱ्या पोरीचा होता. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी बापलेकीच्या गप्पा सुरू झाल्या. आईला फोन मिळायची मारामार.

असं सगळं छान चाललेलं, म्हणून हा इस्त्रीचा शर्ट घालून आभार मानायला गेला.

मालकाच्या खोलीत हिशेबनीसही होता. मिस्त्री हात जोडून म्हणाला, "साहेब, पैसे पोचले. फार उपकार झाले."

"कसले पैसे?" मालकानं विचारलं.

हिशेबनीसाचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं आणि मग हळूच सांगितलं की मिस्त्रींचं नाव पगाराच्या यादीतून काढायचंच राहून गेलं.

मालक खिडकीकडे वळला. मिस्त्रीला ओठ दिसू नयेत म्हणून पाठ करून मोकळं बोलायचं, ही त्याची जुनी सवय. मिस्त्रीच्या कानातलं यंत्र कुणाला दिसलं नव्हतं.

"कागदावर सही घे. सगळे पैसे परत, आणि त्याचं आपल्याकडून काही येणं नाही असंही लिही," मालक म्हणाला. "कानांचं काढलंच तर सांगायचं, वयामुळे झालंय. आणि निरोपाला मी बोललो त्याची काळजी नको. त्या बहिऱ्याला काय ऐकू आलंय कप्पाळ!"

"आलं की," मिस्त्री म्हणाला. "तेव्हाचंही आलं होतं, आत्ताचंही आलं."

मालक वळला. यंत्राकडे बघत राहिला. लाजेल असं वाटलं असेल कुणाला, तर तसं काही झालं नाही. "मग बरंच झालं," तो म्हणाला. "परत सांगायला नको."

मिस्त्री एक पाऊल पुढे आला. "तुमच्या चुकीनं पैसे गेले ते तुम्ही मागून घेता. माझे कान गेले ते मी कुणाकडे मागू?"

हिशेबनीसानं कागद पुढे सरकवला. पैसे परत देण्याच्या ओळीपुढे मिस्त्रीनं सही केली. काही येणं नाही ही ओळ त्यानं आडवी खोडली, इतकी जोरात की कागद फाटला. हक्काचं नव्हतं ते त्याला ठेवायचंच नव्हतं, पण जे हक्काचं होतं त्यावर पाणी सोडायलाही तो तयार नव्हता.

यंत्र दुकानात परत गेलं. कापलेले पैसे बायकोनं आपल्या शिलकीतून घातले आणि तिनं त्या मालकाला अशा शिव्या घातल्या की विचारू नका. त्या मिस्त्रीला ऐकू आल्या नाहीत. शेजाऱ्यांना आल्या.

"लेकीला कळवूया," ती हातवारे करून म्हणाली. "ती पाठवेल."

"तिनंच आत्ता कुठे घराचं कर्ज काढलंय. खबरदार सांगितलंस तर."

संध्याकाळी फोन वाजला. बायकोनं उचलला, आणि पलीकडून नेहमीसारखी 'बाबांना दे' अशी फर्माईश आली असणार, कारण ती नुसतीच नवऱ्याकडे बघत उभी राहिली. मिस्त्रीनं फोन तिच्या हातून काढून घेतला, कानाला लावला आणि म्हणाला, "हो गं. मजेत. तू कशी आहेस?"

मग तो थांबला, हसला, मान डोलावली. "असं का! बरं, बरं."

बायको अगदी खेटून उभी होती, तिला फोनमधलं सगळं ऐकू येत होतं. लेक विचारत होती, "बाबा, असं काय बोलताय? मी काय म्हणाले ते ऐकू आलं ना?"

"हो तर," मिस्त्री म्हणाला. "छान झालं हो."