ज्या क्रमाने घरात आल्या

बटणवाली संध्याकाळी घरी परतली, तर घर लुटलेलं. आणि चोर पळाला नव्हता. बाह्या वर करून, कंबरेवर हात ठेवून, दात काढत उभा होता. चोर म्हणजे तिची एकुलती एक लेक.

"आई, बघ तरी! चारशे बारा रेकॉर्ड, सगळ्या अकारविल्हे. गायकाच्या नावाप्रमाणे. आता कोणीही आलं तरी अर्ध्या मिनिटात सापडेल."

"कोणीही म्हणजे कोण गं? इथे मी एकटी राहते."

लेक ग्रंथालयात कामाला होती. बारा वर्षं पुस्तकं लावून तिचं असं झालं होतं, की दोन वस्तू शेजारी दिसल्या की आधी कुठली आणि नंतर कुठली हे ठरवल्याशिवाय तिला घास गिळवत नसे. आईच्या तिन्ही फळ्यांवर तिने पांढरे पुठ्ठे खोचले होते आणि प्रत्येकावर काळ्या शाईने एकेक अक्षर काढलं होतं. "आणि मध्येच शर्टाच्या घडीतला एक जुना पुठ्ठा घुसला होता. दिला फेकून," ती म्हणाली.

बटणवाली फळीजवळ गेली. पांढरं दिसलं. काळं दिसलं. अक्षर काही दिसलं नाही.

कारण शेजारणीच्या दुखण्यासाठी दवाखान्यात जाते असं ती सकाळी लेकीला सांगून गेली होती, ती शुद्ध थाप होती. गेली होती स्वतःच्या डोळ्यांसाठी. दीड वर्षापासून समोर बघितलं की मधोमध धुकं, कडेकडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टर आज म्हणाले होते, "आहे ते राहील, गेलं ते येणार नाही." ती म्हणाली होती, "आहे ते पुरे." पण लेकीला सांगायची सोय नव्हती. लेकीने मागेच बजावलं होतं, "डोळ्यांनी दगा दिला की मी तुझं ऐकणार नाही. उचलून घेऊन जाईन." लेकीकडे नवव्या मजल्यावर खोली तयार होती. पडदेसुद्धा लावून ठेवले होते मेलीने!

आणि बटणवालीला जायचं नव्हतं. चाळीस वर्षं ज्या घरात पाऊल न चुकता ती वावरली, ते सोडून परक्या खोलीत भिंती चाचपत बसायचं? हट्!

रात्रीचं जेवण व्हायच्या आधीच लेक म्हणाली, "आई, बाबांची आवडती लाव ना."

"सुई गेलीये मशीनची."

"सकाळी तर वाजत होतं."

"सकाळी मीही बरी होते. आता डोकं दुखतंय."

लेक गप्प झाली. पण ती गप्प झाली की काहीतरी शिजतंय, हे आईला तिच्या जन्मापासून ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी निघताना लेक सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "पुढच्या रविवारी येते." स्वयंपाकघरातली डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली तिने जागेवरून हलवलेली होती. बटणवालीच्या हाताला ती दोन वीत डावीकडे लागली. म्हणजे बिंग फुटलं होतं. हातात उरले सात दिवस.

आधी तिने कचऱ्याचा डबा पालथा केला आणि शर्टाचा पुठ्ठा शोधून काढला. मग सगळ्या रेकॉर्ड पलंगावर, खुर्च्यांवर, जमिनीवर काढल्या.

तिचा नवरा रेडिओ दुरुस्त करायचा. रेकॉर्ड घरात आली की तो ती फळीच्या उजव्या टोकाला ठेवायचा, बस्स. एकतीस वर्षं हाच नियम. कुठली कशी आली हे बटणवालीला तोंडपाठ होतं. ही भांडणानंतर आलेली, ही गिऱ्हाइकाने पैशांऐवजी रेडिओ सोडवायला आणून दिलेली, ही लेक पहिल्यांदा चालली त्या आठवड्यातली. त्या रांगेत हात घातला की हवी ती हातात यायची, डोळ्यांचं कामच काय? लेकीने ती रांगच मोडली होती. आता बाहेरून सगळ्या सारख्याच लागत होत्या.

"मग वाजवून बघू," ती मोठ्याने म्हणाली.

सुई टेकवायची, दोन सूर ऐकायचे, उचलायची, त्या-त्या वर्षाच्या ढिगात टाकायची. सकाळपासून अंधार पडेपर्यंत, चार दिवस. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली, "अहो, एक तरी गाणं पुरतं होऊ द्या!" "तुम्हाला काय, फुकट ऐकताय!" ही इकडून ओरडली. पाठीचा पार काटा ढिला झाला. पण चारशे बारापैकी फक्त दोनच तिला ओळखता आल्या नाहीत, आणि त्या नवऱ्यालाही कधी आवडल्या नव्हत्या.

रांग परत लागली. पण रांग पुन्हा कोणी मोडली तर? एकदा फसले, दोनदा फसणार नाही, म्हणत तिने पलंगाखालचा डबा ओढला.

शर्टांच्या कारखान्यात तिने पस्तीस वर्षं बटणं लावली होती. दरवर्षी नवा माल, नवं बटण. शिंपल्याचं, लाकडी, चार भोकांचं, कंगोऱ्याचं, पितळी. प्रत्येकातलं एकेक तिने डब्यात टाकलेलं होतं. साल विचारा, ती बटण सांगेल. तिने लेकीचेच पांढरे पुठ्ठे घेतले, जाड सुईने त्या सुबक काळ्या अक्षरांवर एकेक बटण टाचलं, आणि पुठ्ठा त्या वर्षाच्या सुरुवातीला खोचला. वर्ष बोटाला कळलं की पुढे मोजत जायचं. शेवटी शर्टाच्या जुन्या पुठ्ठ्यालाही तिने एक बटण लावलं आणि तो त्याच्या जागी सरकवला.

रविवारी लेक आली ती मोठी रिकामी बॅग घेऊन. बॅगेची चाकं जिन्यावर आपटताना ऐकूनच बटणवाली उठून फळीपुढे उभी राहिली.

"हे काय केलंस? माझी सगळी मेहनत पाण्यात घातलीस!"

"पाण्यात नाही, जागेवर घातली. मला अक्षर दिसत नाही. दीड वर्ष झालं. आता कळलं ना? मग ऐक."

"ऐकायचं काय त्यात? सामान बांध." लेकीने बॅगेची चेन उघडली. "पडलीस, भाजलीस, तर मी काय करू? मला रात्रंदिवस तीच धास्ती आहे गं!"

"धास्ती तुझी, आणि घर सोडायचं मी? रेकॉर्ड माग. कुठलीही. एक जरी चुकली तर निमूट बॅग भरते."

लेकीने एक मागितली. बटणवालीची बोटं लाकडी बटणावर थांबली, पुढे पाच मोजली, रेकॉर्ड काढली. बरोबर. दुसरी मागितली. पितळी, पुढे नववी. बरोबर.

लेकीने ओठ चावला. तिला जिंकायचंच होतं, आईला न्यायचंच होतं. म्हणून तिने सहा वर्षं जिचं नाव काढलं नव्हतं, ती मागितली. "बाबा मला झोपवताना लावायचे ती."

बटणवालीचा हात क्षणभरही अडला नाही. शिंपल्याच्या बटणापासून सातवी जागा. तिथून तिने शर्टाचा जुना पुठ्ठा काढला आणि लेकीच्या हातात दिला. पुठ्ठ्यावर एक छोटं बटण होतं, लेकीच्या पहिल्या फ्रॉकचं.

"बाबा गेले त्या आठवड्यात तू ती नेलीस. मला विचारलं नाहीस, मीही बोलले नाही. पण नेलेल्या पुस्तकाच्या जागी पुठ्ठा ठेवतात, हे तूच मला शिकवलं होतंस. आणि तोच पुठ्ठा तू कचऱ्यात टाकलास, ग्रंथपाल बाई!"

लेक पुठ्ठा हातात धरून खुर्चीवर बसली. ती रडत होती हे दिसायला डोळे लागत नव्हते. डोळे पुसून ती म्हणाली, "रोज रात्री फोन करीन. उचलायचा."

"उचलीन. हातातलं काम टाकून उचलीन."

"ती... पुढच्या रविवारी आणते."

"आण. बटणापासून सातवी, नीट मोजून ठेव." बटणवाली रिकाम्या बॅगेकडे वळली आणि पायाने ती दाराकडे ढकलली. "आणि येताना हे धूड नको आणूस. रेकॉर्ड हातात मावते."