आधीच्याचा भाव

इश्वरने पाइपाच्या जोडावरचा काळा थर हातोडीने झाडला आणि न बघताच दोन पावलं मागे सरकला. त्याची नजर जोडावर नव्हतीच. ती मिलच्या ऑफिसच्या दाराला चिकटली होती.

"काहून बे, बघ तरी," धनीराम मागून म्हणाला. "पोरीच्या येनीसारखा आला जोड."

मुंबईच्या एजन्सीचा साहेब खाली वाकला, जोड निरखला आणि "पास" म्हणून पुढच्याकडे वळला. कामाची परीक्षा त्याने कधीही दिली असती. भीती होती ती नंतर त्या ऑफिसात, एकट्याला बसवून विचारतात त्या प्रश्नाची. कितीत जाशील?

साल शहाऐंशी, एप्रिलचं ऊन. तुमसरच्या एका बंद पडलेल्या राइस मिलच्या आवारात वीस-बावीस वेल्डर जमले होते. कोणी लाखनीचे, कोणी थेट बालाघाटचे. एजन्सीसाठी माणसं गोळा करणाऱ्या भय्याजीने सकाळीच सगळ्यांचे पासपोर्ट पिशवीत भरून घेतले होते. इश्वर चिखल्याचा. गावच्या मँगनीजच्या खाणीत कायमची नोकरी त्याच्या नशिबी आली नाही. ठेकेदारांच्या ट्रकांचे हौदे सांधायचे, हंगामात मिलांचे बॉयलर बघायचे आणि एजन्सीचं बोलावणं आलं की दोन वर्षं दुबई. पहिल्या खेपेला महिन्याचे बाराशे दिरहम मिळाले, दुसऱ्या खेपेला नऊशे.

"आता थे इसरा बाप्पा," भय्याजी सकाळी म्हणाला होता. "तिकडं तेल सस्तं झालं. पाच-सहाशाच्या वर कोनी देऊन नाही राहिलं."

त्यावर बसस्टँडच्या चहाटपरीवर चौघांनी ठरवलं. चिखल्याचे धनीराम, तेजराम आणि इश्वर, आणि लाखनीला हायवेवर ट्रकांची कामं करणारा केवळराम.

"आठशाच्या खाली कोनी उतराचं नाही," धनीराम म्हणाला. "चौघं एक रायलो त साहेबाले झक मारून द्याच लागन."

"मी नाही उतरत," केवळराम म्हणाला.

"माया बाप आला तरी नाही," तेजराम म्हणाला.

मग तिघांनी इश्वरकडे बघितलं. इश्वर भित्रा, हे चिखल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बिचाऱ्याने ते कधी लपवलंही नाही. दुबईला तेलाच्या टाकीवर चढायचं तर आधी धनीराम चढायचा, वरून हाक द्यायचा, मग याचा पाय शिडीवर पडायचा.

"आठशे म्हंजे आठशे, भाऊ," इश्वर म्हणाला. बोलताना ते त्याला अगदी खरं वाटत होतं.

पण मिलच्या फाटकातून आत येताना त्याला इतवारी दिसला. हाही एके काळचा वेल्डर. तीन वर्षांपूर्वी त्याने एजन्सीच्या माणसाशी भावावरून वाद घातला आणि त्याचं नाव जे कटलं ते कायमचं. आता तो शेजारच्या मिलमध्ये पोती वाहत होता. डोक्यावर फडकं, पाठीवर पोतं. इश्वरला बघून तो हसला. इश्वरने नजर वळवली. निघताना रुखमिणी दारात उभी राहून म्हणाली होती, "भाव कमी असो का जास्ती, तुमी नाव कटू देऊ नका." बायको एरवी काही सांगणारी नव्हे.

ऑफिसात एका दाराने जायचं आणि मागच्या दाराने बाहेर पडायचं, अशी व्यवस्था होती. आत गेलेला माणूस बाहेरच्यांना पुन्हा दिसत नसे. धनीराम आत गेला. पाच मिनिटांनी भय्याजीने इश्वरचं नाव पुकारलं.

साहेब पंख्याखाली बसला होता. समोर कागद, हातात पेन.

"काम अच्छा है तुम्हारा," तो म्हणाला. "बोलो, कितने में जाओगे?"

इश्वरने तोंड उघडलं. आठशे हा शब्द जिभेवर होता, पण तो बाहेर येईना.

"जल्दी बोलो भाई. तुम्हारे आगेवाला, क्या नाम उसका, धनीराम. वो पाँच सौ में मान गया."

इश्वरला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. धनीरामभाऊ? सकाळी बोलला तो धनीरामभाऊ? मग त्याला वाटलं, भाऊ आता पन्नाशीला आला, त्यालाही भीती वाटत असेल. आणि भाऊला भीती वाटते म्हणजे मग आपलं काही खरं नाही. आपण आठशे म्हणायचं आणि धनीराम, तेजराम, केवळराम विमानात बसायचे, आणि आपण डोक्यावर फडकं बांधून इतवारीच्या मागे उभं राहायचं.

"साडेचारशे," तो म्हणाला.

एवढं खाली साहेबाने मागितलंही नव्हतं. त्याने भुवया उंचावल्या, आकडा लिहिला आणि कागद पुढे सरकवला. इश्वरने सही केली.

मागच्या बाजूला टिनाच्या शेडखाली धनीराम विडी ओढत बसला होता.

"काय बोल्ला?"

"आठशे," इश्वर म्हणाला.

"शाब्बास! मले म्हने, बालाघाटवाला पाचशात तयार हाये. मी म्हनलो, मंग त्यालेच घेऊन जा." धनीराम मोठ्याने हसला. "तुले काय म्हनलं?"

इश्वर खाली बसला. भाऊ आठशेवर ठाम होता. साहेब खोटं बोलला होता, आणि आपण ते धनीरामबद्दल खरं मानलं होतं. आता आत जाऊन तो कागद फाडावा, असं त्याला वाटलं. पण तो उठला नाही.

तेवढ्यात तेजराम तणतणत बाहेर आला.

"लबाड हाये बे साहेब! मले म्हने, इश्वर साडेचारशात मानला. मी म्हनलो, साहेब, आमचा इश्वर घाबरट हाये, पर बेइमान नाही. कायले त्याचं नाव खराब करता?"

धनीराम हसला. मागाहून केवळराम आला. त्याला साहेबाने तेजरामचं नाव सांगून चारशेचा आकडा दिला होता. ते ऐकून सगळेच खदखदून हसले. इश्वरही हसला.

तासाभराने भय्याजी पासपोर्टची पिशवी आणि एक कागद घेऊन शेडखाली आला.

"आयका. परीक्षेत पास झाले थे सारे चालतीन. भाव साडेचारशे. ज्याले जमत नाही त्यानं आपला पासपोर्ट वापस घ्यावा."

"साडेचारशे कोनं ठरवला?" तेजराम ओरडला.

"तुमच्यातल्याच एकानं. हे बघा, सही हाये."

धनीरामने हात पुढे करून कागद घेतला. वर भावाचा इंग्रजी आकडा होता आणि खाली मराठीत सही. ती सही धनीरामनेच शिकवली होती. दुबईच्या कॅम्पात, रोज जेवण झाल्यावर, अंगठा लावायची पाळी येऊ नये म्हणून. 'श्व' जमेना तेव्हा त्याने इश्वरचा हात हातात धरून तो गिरवून घेतला होता. इश्वर जमिनीकडे बघत बसला. आता भाऊ नाव घेईल, आता तेजराम अंगावर येईल.

"कोनाची हाये?" तेजरामने विचारलं.

धनीरामने कागदाची घडी घातली.

"आपल्यातली नाही," तो म्हणाला. "कोनी बालाघाटकडचा दिसते."

कागद त्याने भय्याजीला परत केला आणि आपला पासपोर्ट मागून घेतला. केवळराम पाणी प्यायला गेला. तेजरामने त्या बालाघाटवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण पासपोर्ट काही मागितला नाही. चार पोरांचा बाप होता तो. तो आणि केवळराम फॉर्म भरायला तिथेच थांबले. इश्वरचा फॉर्म आधीच भरला होता.

चिखल्याची बस साडेचारला सुटली. धनीराम पुढे चढला आणि नेहमीसारखा खिडकीशी बसला. शेजारची जागा रिकामी होती. त्या जागेवर त्याने पिशवीही ठेवली नाही. इश्वर मागून आला आणि दांडा धरून तिथेच उभा राहिला.

"अरे, जागा हाये ना. बस की," कंडक्टर म्हणाला.

"नाई," इश्वर म्हणाला, "उभाच बरा हाये."

बस गोबरवाहीला थांबली, पुन्हा सुटली. धनीराम खिडकीबाहेर बघत होता. चिखल्यापर्यंत ती जागा तशीच रिकामी राहिली.