एन्सिओ खुंटी देत नाही

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही, पैज लावा. माझ्या बायकोनं ठेवला नाही. कुहमो गावच्या डॉक्टरनंही ठेवला नाही, आणि टाके तर त्यानं स्वतःच्या हातानं घातले होते.

भांडण होतं एका खुंटीचं. आपण सगळे मिळून लिहितो त्या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या सेटिंगला आम्ही जुनी माणसं खुंटी म्हणतो. ज्याला हवी त्यानं पिळावी आणि आपलं यंत्र सुरात आणावं. टाइस्तोला अशी एक नवी खुंटी हवी होती आणि एन्सिओ ती देत नव्हता. मेमरीचा सगळा कारभार एन्सिओकडे. त्याच्या होकाराशिवाय तिथं एक ओळसुद्धा आत जात नसे.

टाइस्तोच्या बहिणीची लाकडं कापायची गिरणी होती. करवत चालायची आपल्याच सिस्टिमवर. मेमरी साफ करायला सिस्टिम मधेच क्षणभर थबकायची, आणि तेवढ्यात कुणी 'थांब'चं बटण दाबलं तर हुकूम करवतीपर्यंत पोचायचाच नाही. अशाच एका क्षणात बहिणीच्या नवऱ्याची चार बोटं कापलेल्या फळ्यांबरोबर रचली गेली. आता करवतीपाशी बहीण स्वतः उभी राहत होती. टाइस्तोचं मागणं एवढंच, की सिस्टिमनं जास्तीत जास्त किती थबकायचं ते गिरणीला ठरवू द्या.

"मग गिरणीनं दुसरी सिस्टिम घ्यावी," कॉफीच्या टेबलापलीकडून व्हिएनो म्हणाली. ही पोरगी यंदाच आमच्यात आलेली. दालचिनीचा पाव कॉफीत बुडवून खाते आणि तोंडाची फटकळ.

"एन्सिओही हेच म्हणाला होता," मी म्हटलं. "त्याचा पहिला दात तिथंच पडला."

तर, त्या काळी लिहून-लिहून वाद मिटला नाही की तो उन्हाळी बैठकीत एन्सिओच्या तळ्याकाठच्या सौनात, म्हणजे वाफ घ्यायच्या लाकडी खोलीत जायचा. दोघांनी सगळ्यात वरच्या फळीवर बसायचं, जिथं वाफ कानशिलं सोलते. तिसऱ्यानं तापलेल्या दगडांवर पाणी ओतत राहायचं. जो आधी फळीवरून उतरेल तो हरला. ओगराळं माझ्या हातात होतं.

"बस, आणि ऐक," एन्सिओ म्हणाला. "खुंट्या आधीच हजारावर गेल्यात. निम्म्या कशासाठी आहेत ते ठोकणाऱ्यालाही आठवत नाही."

"मग आणखी एक ठोकली तर तुझं काय जळतं?"

"एकदा दिलेली खुंटी परत उपटता येत नाही, गाढवा! कुणीतरी तिच्यावर आपलं अख्खं दुकान टांगून बसलेला असतो. आणि लोक काय समजून पिळतात होय? शेजाऱ्यानं पिळली म्हणून पिळतात. तुझ्या मेहुण्यानं उलटी पिळली असती तर दुसरा हातही गेला असता!"

मी पाणी ओतलं. भिंतीतला डिंक उकळून खाली टपकायला लागला.

सौनात बर्च झाडाच्या डहाळ्यांची जुडी असते. ती अंगावर हळूहळू मारून घ्यायची, म्हणजे रक्त खेळतं. टाइस्तोनं ती एन्सिओच्या तोंडावर अशी ओढली, की रक्त खेळायचं सोडून भिंतीवर उडालं.

"कुणासाठी बसवतोस रे तुझे ते थबकण्याचे आकडे? सर्व्हरनी भरलेल्या थंड खोल्यांसाठी! तिथं थबकलं तर कुणाचं तरी वेबपान उशिरा उघडतं. गिरणीत माणूस चिरला जातो!"

"मग मूळचा आकडाच सुधारू, सगळ्यांसाठी! खुंटी देणं म्हणजे आपल्याला उत्तर सापडलं नाही म्हणून जगाला सांगणं."

"आणि तुला सापडेपर्यंत माझ्या बहिणीनं काय हात खिशात घालून करवत चालवायची?"

 शब्द संपले की एन्सिओ डोकं वापरायचा. त्यानं ते टाइस्तोच्या नाकावर वापरलं. नाकाचा शेंडा तुटून दगडांवर पडला आणि चुरचुरला. मी तो ओगराळ्यानं काढून भाजायला ठेवलेल्या सॉसेजशेजारी ठेवला, हरवायला नको म्हणून.

टाइस्तोनं उघड्या हातानं तापलेला दगड उचलून हाणला. तो एन्सिओच्या खांद्यात रुतला आणि तिथंच राहिला. एन्सिओच्या दाढीनं पेट घेतला, ती त्यानं टाइस्तोच्या केसांत खुपसून विझवली.

"चाचणी करून दाखव, मग ऐकतो!" एन्सिओ गरजला.

टाइस्तोनं त्याचा कान दातांनी तोडला. "आता कशानं ऐकतोस?"

"आणि तुम्ही नुसते पाणी ओतत होतात?" व्हिएनोनं विचारलं.

"मी तटस्थ होतो, बाई. दोघांवर सारखं ओतत होतो."

शेवटी भिंतच फुटली. वरची फळी त्या दोघांना घेऊन उतारावरून सुसाट सुटली आणि तळ्यात शिरली. मी ओगराळं घेऊन मागे पळालो. बघतो तर दोघेही अजून फळीवरच! उतरलं कुणीच नव्हतं, म्हणजे वाद चालूच. खांद्यातल्या दगडानं एन्सिओची बाजू पाण्यात जायला लागली. छातीपर्यंत पाणी आलं, मग हनुवटीपर्यंत.

"एकदा हो म्हण," टाइस्तो ओरडला. खरं तर तो रडत होता, पण नाकाला शेंडा नसल्यानं ते वेगळंच ऐकू येत होतं. "फक्त एक खुंटी, एन्सिओ. हा बघ माझा हात, धर."

एन्सिओनं तोंडातलं पाणी आणि दोन दात थुंकले. "नको," म्हणाला, आणि बसल्या जागी ताठ बुडाला.

कॉफीच्या टेबलावर सगळे पुढे वाकले. कुणीतरी हळूच विचारलं, "मेला?"

"मेला तर! आम्ही तळं जाळ्यानं गाळलं. माशांनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. त्या साली तळ्यातला एकेक मासा इतका हट्टी निघाला की शिजता शिजेना. टाइस्तोचा पॅच, म्हणजे त्या खुंटीचा कोड, त्याच आठवड्यात आत गेला, नाही म्हणायला उरलं होतं कोण? आज त्याच्या बहिणीची दहाही बोटं जागेवर आहेत. खोटं वाटतंय? मग सांगा, त्यानंतर बैठकीला एन्सिओ कुणाला दिसलाय?"

खरंच, कुणालाच दिसला नव्हता. माना हलल्या. मी कॉफीचा घोट घेतला.

व्हिएनोनं आपला फोन माझ्यापुढे सरकवला. "बैठकीला नाही दिसला, आजोबा. पण आज सकाळी एन्सिओनं माझा पॅच नाकारून परत पाठवलाय. टाइस्तोचीच खुंटी आहे ती. एन्सिओनं त्याची नऊदा नाकारली, म्हणून टाइस्तोनं मला लिहायला सांगितली. गिरणी अजून थबकतेय, बहीण अजून करवतीपाशी उभी आहे, आणि तुमच्या त्या बुडालेल्यानं मला दोन पानं भरून शिव्या घातल्यात! धादांत खोटं बोलताय तुम्ही!"