नाचणासाठी एक फांदी

राईत एकेचाळीस झाडं होती: एकोणीस करंज, अकरा जांभळी, सात आंबे, तीन बेहडे आणि एक वड. मधोमध म्हसोबाचा शेंदूर फासलेला दगड, दगडापासून दोन हातांवर वेलीला कोळिष्टकांनी लिंपलेलं वाटीएवढं घरटं, आणि घरट्यात नाचण पक्ष्याची तीन पिल्लं. ज्ञानदेवनं हे सगळं दोनदा मोजलं होतं.

तो पिंपरीच्या एका कंपनीत, प्रयोगशाळेत कामाला होता. रविवारी उजाडता उजाडता रहाटणीहून सायकल काढून महाळुंग्याच्या या राईत यायचा. लाकडाचा ठेकेदार दौलतराव कारखान्यांना खोकी पुरवत असे आणि त्याचा राईवर डोळा होता. म्हसोबाच्या धाकानं अजून कोणी कुऱ्हाड लावू दिली नव्हती. पण धाक किती दिवस पुरणार? नाचण पिल्लांना भरवतानाचा फोटो वर्तमानपत्रात आला, तर चार माणसं राईच्या बाजूनं उभी राहतील, असा ज्ञानदेवचा हिशेब होता.

तो उजेडापाशी अडत होता. उजेड मोजायचा मीटर सांगायचा, अॅपर्चर चार, वेळ १/४ सेकंद. तेवढ्यात पक्षी शेपटीचा पंखा उघडून मिटून मोकळा. फोटोत नुसता करडा डाग. फ्लॅशला तो बुजायचा. पूर्वेच्या आंब्याची एक खालची फांदी गेली तर ऊन घरट्यापर्यंत येणार होतं, आणि पिल्लं आता उडायच्या बेतात होती.

"फांदी?" बाळाजी गुरव हसला. "हितली काडीसुदिक चुलीत घालत न्हाई कुनी. आन तू तर देव सोडलेला माणूस, लेका! तुझ्या बापानं, भिवानं, देव्हारा नदीत सोडला तवा मी काठावर हुबा व्हतो."

"तुम्ही विचारा ना, बाळाजीबाबा. पाखरासाठी."

"आता कसा गोड बोलतोय बघा!"

तरी बाळाजीनं कौल लावला. कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून दगडाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ज्ञानदेवचा यावर काडीचा विश्वास नव्हता; पण तो उजवीवरून नजर काढेना. गर्द सावलीत पाकळ्या सुकता सुकेनात. बऱ्याच वेळानं उजवी पडली.

फांदी बाळाजीनंच तोडली. मीटर १/६० वर आला. फोटोत तीन उघड्या चोची स्वच्छ आल्या आणि वर्तमानपत्रानं तो छापलाही.

पुढच्याच रविवारी सकाळी दौलतराव तो अंक घेऊन राईत हजर. मागं निम्मं गाव.

"काय फोटोवाले, पाखरामागं फांदीचं ताजं खूट दिसतंय. कुणी तोडली?"

"देवाला इचारून तोडली," बाळाजी म्हणाला.

"मग आमचंबी इचारा की. एकच आंबा मागतोय."

बाळाजीनं पाकळ्या लावल्या. दगडाचं उजवं अंग पूर्वेला होतं. फांदीच्या जागी पडलेल्या भोकातून ऊन नेमकं त्याच अंगावर उतरलं होतं. डावं अजून सावलीत, ओलं. उजव्या पाकळीची कड वळायला लागली, तसा ज्ञानदेव पुढं झाला.

"बाबा, थांबवा! उजवीवर ऊन आहे, तीच आधी सुकणार. वर घोंगडी धरा आणि पुन्हा लावा."

"वा रे वा!" दौलतराव म्हणाला. "तुमच्या येळंला देव, आन आमच्या येळंला ऊन व्हय?"

लोक खो खो हसले. बाळाजी हसला नाही. त्यानं दगडाकडं पाहिलं, वर भोकाकडं पाहिलं.

"देवावर घोंगडी कशी धरू, ज्ञानदेवा?" तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात पाकळी पडली.

तो आंबा त्याच दिवशी आडवा झाला. त्याच्या जागेतून ऊन आणखी आत आलं. दुसऱ्या आंब्याचा कौल पहिल्याहून लवकर लागला, तिसऱ्याचा त्याहून लवकर. पुढं पुढं बाळाजी पाकळ्या लावून पाठ फिरवून बसायचा. पडली की लोकच ओरडून सांगायचे. वडाच्या वेळी कौल मागायलाही कोणी थांबलं नाही.

पुढच्या वैशाखात ज्ञानदेव पुन्हा आला. दगड होता, एकेचाळीस बुडखे होते. घरटं होतं त्या जागी, तेवढ्याच उंचीवर, सकाळच्या त्याच वेळेला त्यानं मीटर धरला.

अॅपर्चर चार, वेळ १/२००० सेकंद.