सुरीसमोरचा डोळा

मी सुरीसमोरचा डोळा बोलतोय. डोळा म्हणजे प्रकाश ओळखणारा सेन्सर, नखाएवढा काळा तुकडा. कागद कापणाऱ्या यंत्राच्या एका खांबावर मी, दुसऱ्यावर माझा जोडीदार. तो माणसाला न दिसणारा प्रकाश सतत माझ्यावर टाकतो. प्रकाश पडला की माझ्यातून वीज वाहते आणि सुरीला उतरायची परवानगी मिळते. मध्ये कुणाचा हात आला की मला अंधार. वीज थांबते, सुरीही थांबते.

माझी भावंडं लिफ्टच्या दारात उभी असतात, मोबाइलच्या कॅमेऱ्यात चित्रं टिपतात. मी नऊ वर्षं वह्यांच्या कडा बघतोय.

कारखाना घरचाच. भावजी सुरी चालवतात, वहिनी कागद लावतात. सुरुवातीला वहिनी हात लांब ठेवत. मी सुरी थांबवतो हे कळल्यावर निर्धास्त झाल्या. मला अंधार झाला की माझा लाल दिवा लागतो; तो लागला की सुरी थांबलेली, हे त्यांना पाठ.

कागदाची धूळ रोज माझ्या काचेवर बसते. मग हात नसतानाही मला अंधार वाटतो आणि मी यंत्र अडवतो.

“झालं याचं रडगाणं सुरू!” भावजी वैतागतात.

“पुसा ना भावजी त्याला.”

“पुसत बसलो तर वह्या काय दातांनी कापणार तुम्ही?”

परवा दुपारी वह्यांची घाई होती. वहिनी पाणी प्यायला गेल्या तेवढ्यात भावजींनी वायरचा तुकडा जोडून मला वगळलं. आता धुळीमुळे माझा लाल दिवा लागलेला आणि सुरी मात्र मोकळी. वहिनींना सांगायचं राहून गेलं.

त्या आल्या. लाल दिवा पाहिला आणि कात्रण काढायला बिनधास्त हात आत घातला. भावजींचा पाय पॅडलवर, नजर पुढच्या गठ्ठ्यावर. मी अंधार ओळखला, पण सुरीपर्यंत माझा निरोप जायची वाटच बंद होती.

सुरी उतरू लागली तेव्हा कुठे भावजींची नजर वळली. “वहिनी, हात!” ते किंचाळले.

वहिनींनी हात ओढला. बाहीचा तुकडा कापला जाऊन आत पडला. बोटं वाचली.

 भावजींनी यंत्र बंद करून जोडलेली वायर उपटली. वहिनींनी बाहीचा तोच तुकडा उचलला, माझी काच पुसली आणि खिळ्याला अडकवून ठेवला.

काच आता चरे पडून अंधुक झालीय. थकलोय मी. मला रडका म्हणा, खुशाल बदला. पण नव्यालाही रोज पुसा. कापड खिळ्यावर आहे.