माझ्या नावावर आलेले चार फोन

मित्रांनो, मला हळूच उघडा. मी घडी घालायचा एक जुना फोन आहे. माझं झाकण एका बाजूनं सैल झालं आहे आणि पाचाचा आकडा पुसून गेला आहे. मला चित्र दाखवता येत नाही, गाणी वाजवता येत नाहीत. कुणाचा आवाज आला तर तो ऐकवायचा आणि बोलणं संपलं की मिटायचं, एवढंच मला येतं. तेही करून आता मी थकलो आहे.

कुठल्या कारखान्यात माझे सुटे भाग जुळले ते आठवत नाही. आठवतं ते अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातलं, ओढ्याकाठच्या अरुंद घळीतलं घर. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला ड्वाइट स्टॅम्पर आणि त्याची बायको व्हर्ना तिथं राहत. ड्वाइटनं मला घेतलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. पुढची चौदा वर्षं तो खिसा हेच माझं घर होतं.

व्हर्नाकडे मात्र काचेचा मोठा फोन होता, आणि तिच्या नंबरावर एक जुनी योजना होती. इंटरनेट हवं तेवढं वापरा, कुणी मोजणार नाही. कंपनीनं अशी योजना नव्या लोकांना देणं केव्हाच बंद केलं होतं. ज्यांच्याकडे आधीपासून होती त्यांचीच चालू ठेवली होती, पण त्या नंबरावर सवलतीतला नवा फोन घेतला की योजना गेलीच म्हणून समजा. आमच्या घळीत इंटरनेटची तार टाकायला कुणी फिरकलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत व्हर्नाचा फोन ठेवला, की तेवढंच जग घरात यायचं.

ते जग म्हणजे टेसा. व्हर्नाची लेक जनेल दूर ओरेगनला असते, टेसा ही तिची मुलगी. टेसाला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते. माझ्यासारख्या फोनाचा तिला काडीचा उपयोग नाही, आणि हे सांगताना मला अजून वाईट वाटतं. रोज संध्याकाळी व्हर्ना आपला फोन काकवीच्या बरणीला टेकवून ठेवी आणि दोघी दोन-दोन तास बोलत. आजीला ही बोली नातीनंच शिकवली. चुकलं की टेसा कपाळावर हात मारून घ्यायची आणि व्हर्ना घेवड्याचं कालवण ढवळता ढवळता पुन्हा करून दाखवायची. त्या बोलीत प्रत्येक माणसाला एक खूण देतात, तेच त्याचं नाव. व्हर्नाची खूण म्हणजे ॲप्रनला हात पुसल्यासारखं करायचं. ड्वाइटलाही टेसानं खूण दिली होती, पण मी खिशात असायचो, मला ती कधी दिसली नाही.

काचेचे फोन टिकत नाहीत. दर तीन-चार वर्षांनी व्हर्नाचा फोन राम म्हणायचा. मग ड्वाइट शहरातल्या दुकानात जाऊन स्वतःच्या नंबरावर, म्हणजे माझ्या नावावर, सवलतीत नवा फोन घ्यायचा. दुकानातली पोरं माझ्या पोटातलं सिम कार्ड काढून त्या नव्या फोनात घालत. मी मुका होऊन नुसता ऐकत पडे. घरी आल्यावर ड्वाइट टेबलाशी बसून चष्मा लावी, व्हर्नाचं कार्ड नव्या फोनात घाली आणि माझं पुन्हा माझ्या पोटात. असं तीनदा झालं. तीन नवे फोन माझ्या नावावर आले आणि दुसऱ्याच्या हातात गेले. दर वेळी मरायचं, दर वेळी उठायचं, आणि उठून पुन्हा त्याच खिशात जायचं. खरं सांगतो, मित्रांनो, मला कंटाळा यायचा.

एकदा पेंडीच्या दुकानात त्याचा मित्र हार्लन म्हणाला, "ड्वाइट, तो फोन आहे की साबणाची डबी?"

"डबीच आहे. आंघोळ करायची इच्छा झाली तर माग."

"अरे, दर वेळी नवा फोन बायकोला देतोस. तू एकदा वापरून बघ की."

"मला कशाला? 'हॅलो' म्हटलं की माझं काम भागतं. पोरीचे हात दिसायला हवेत."

माझी स्तुती म्हणाल तर एवढीच झाली, तीही साबणाची डबी म्हणून.

गेल्या फेब्रुवारीत ड्वाइट गेला. खाणीची धूळ छातीत होती, ती शेवटी जिंकली. शेजाऱ्यांनी आठवडाभर घरी भांडी भरभरून जेवण पोचवलं. मग तेही थांबलं. व्हर्नानं मला खिशातून काढून आपल्या पिशवीत ठेवलं. फोन कुणाचा येत नव्हता, तरी ती दर रविवारी मला चार्जिंगला लावायची.

शरद लागला आणि तिचा मोठा फोन भांड्यांच्या पाण्यात पडला. त्या संध्याकाळी काकवीची बरणी एकटीच टेबलावर होती. दुसऱ्या दिवशी व्हर्ना मला घेऊन शहरातल्या दुकानात गेली. फोनाचं सगळं ड्वाइट बघायचा. कुठल्या नंबरावर काय घ्यायचं, तिला काहीच माहीत नव्हतं.

काउंटरवर केलिन नावाची गोड मुलगी होती. आमच्याकडे वयस्क बायकांनाही आदरानं 'मिस' म्हणतात. "नंबर सांगा, मिस व्हर्ना."

व्हर्नानं घडाघडा माझा नंबर सांगितला.

"हा तर मिस्टर ड्वाइट यांचा आहे. ते..."

"गेले."

"माफ करा हं. मग हा बंदच करून टाकू या ना? उगाच भुर्दंड कशाला? नवा फोन तुमच्या नंबरावर घ्या, अगदी फुकट मिळतोय. तुमचा नंबर काय?"

पिशवीत माझा जीव टांगणीला लागला. तिच्या नंबरावर बोट टेकलं की टेसाचे दोन तास गेले. मला ओरडायचं होतं, पण कुणी नंबर फिरवल्याशिवाय मला वाजता येत नाही.

व्हर्ना म्हणाली, "माझा नंबर मला येत नाही गं."

"स्वतःचा?"

"स्वतःला कोण फोन करतं? वाणसामानाच्या दुकानात, औषधाच्या दुकानात, सूट मिळवायला नंबर विचारतात, तिथं मी त्याचाच सांगते. लोक मला त्याच नंबरानं ओळखतात."

"मी नावावरून शोधते की. एक मिनिट..."

"नको शोधू. आणि तो बंदही करायचा नाही. त्याच्याच नंबरावर घे."

"पण वापरणार कोण तो, मिस व्हर्ना?"

"मी. दुकानांत सांगायला."

केलिननं मान हलवली आणि माझं कार्ड काढलं. चौथा फोन माझ्या नावावर आला.

कार्ड काढताना माझ्या पाठीवरच्या, बॅटरीच्या झाकणाआत चिकटवलेला कागद तिला दिसला. तिनं तो व्हर्नाला दिला. गाडीत बसून व्हर्नानं चष्मा लावला. ड्वाइटचं अक्षर होतं. "व्हर्ना, नवा फोन माझ्या नंबरावर घे. तुझ्यावर कधी नको, टेसा तुटेल. घरी कार्डं बदल. माझा नंबर बंद करू नकोस."

तिनं कागद स्टिअरिंगवर सपाट केला. "मला न सांगता सगळं एकटाच करत होतास होय?" ती म्हणाली. मग रडली, आणि रडता रडता हसली, कारण नंबर पाठ नसल्यानं ती बरोबर वागली होती.

घरी तिनं कार्डं बदलली. दोन वेळा कार्ड उलटं गेलं. मी पुन्हा उठलो. नवा फोन बरणीला टेकला आणि टेसा दिसली. मी या वेळी टेबलावर होतो, म्हणून मलाही ती दिसली. मी दिसताच तिनं एक तळहात दुसऱ्यावर ठेवला, उघडला आणि पटकन मिटला.

व्हर्ना मला म्हणाली, "तुझ्या मालकाला हाक मारतेय ती."

ती खूण माझीच होती, मित्रांनो. एवढी वर्षं मी खिशात कुरकुरत होतो आणि तिकडे त्या पोरीच्या हातात ड्वाइटचं नाव माझ्या झाकणासारखं उघडत-मिटत होतं.

माझ्यासारख्या जुन्या फोनांचं जाळं पुढल्या वर्षी बंद होणार, असं कंपनीचं पत्र आलं आहे. होऊ दे. माझा नंबर तेवढा कुठल्या तरी फोनात जिवंत ठेवा. आणि तुमच्या हातात नवी वस्तू आली, तर ती कुणाच्या वाट्याची होती, हे त्याच्या खिशात एकदा डोकावून बघा. तो असेपर्यंत बघा.